आंबा बागायतदाराचा ग्राहकगट : बांधावा कसा, टिकवावा कसा

कोकणातील हापूस आंब्याचा हंगाम अल्प असतो. मार्चच्या सुमारास पेट्या बाहेर पडू लागतात आणि मृगाचा पाऊस आला की सारा व्यवहार आटोपतो. या अडीच महिन्यांसाठी बागायतदार वर्षभर खपत असतो. खते, फवारणी, राखण, झेल्याने फळ उतरविणे, पेंढा, पेटी, मोटारभाडे हा सारा खर्च तो आधी करतो. आणि अखेरीस पेटी वाशीच्या बाजारात गेली की तिचे पुढे काय झाले हे त्यास कळत नाही. आपला आंबा कोणत्या घरी गेला, तो कसा पिकला, मुलांनी तो आवडीने खाल्ला की अर्धा टाकून दिला, यांपैकी कशाचीही वार्ता बागेपर्यंत परत येत नाही. हिशोबपट्टी तेवढी हाती येते. तीवर आकडे असतात. खाणाऱ्याचा एक शब्दही नसतो.

खाणाऱ्याचीही अवस्था निराळी नाही. त्यास हापूस हवा असतो. परंतु पेटीत आहे तो कोकणातला की अन्य प्रांतातला, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही मोठी सोय झाली. तथापि शहरातील गृहिणी बहुधा विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबते.

या दोघांना परस्परांच्या समोर आणणे आता अवघड राहिलेले नाही. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला; त्यामुळे शेतकऱ्याने आपले फळ थेट ग्राहकास विकण्यातील मोठा अडसर दूर झाला. पुढे २०२० साली साथीमुळे टाळेबंदी आली. ऐन हंगामात बाजार विस्कळीत झाले आणि अनेक बागायतदारांनी शहरातील आप्तेष्ट, चाकरमानी व गृहनिर्माण संस्था यांच्या साह्याने पेट्या परभारे घरोघरी पोहोचविल्या. त्या निमित्ताने हाती मोबाईल असलेल्या साध्या बागायतदारानेही व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकांचे गट उघडले.

गट उघडणे सोपे, चालविणे कठीण, हा अनुभव त्यानंतर आला. काही गटांत दरवर्षी तीच घरे पुन्हा मागणी करतात, नव्या घरांना घेऊन येतात, बागेची विचारपूस करतात. काही गटांत मात्र बागायतदार एप्रिलमध्ये भाव टाकतो, कोणी उत्तर देत नाही आणि मे महिन्यात तो पुन्हा दलालाच्या दारी उभा राहतो. दोन्हीकडे फळ तेच आणि साधनही तेच. मग भेद कोठे पडतो? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पुण्याच्या रेडिओ मंडळांचा धडा

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, शेतीविषयक कार्यक्रम प्रसारित होई. मंडळाचे सभासद एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. त्या प्रश्नांना पुढे आकाशवाणीवरून उत्तरे मिळत. ऐकावे, चर्चा करावी, आचरणात आणावे, असे त्या मंडळांचे सूत्र होते.

या प्रयोगाची पाहणी करताना तीन प्रकारची गावे तुलनेसाठी घेतली होती : मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओही नसलेली. शेतीविषयक ज्ञानात खरी वाढ दिसली ती मंडळ असलेल्या गावांत. नुसत्या रेडिओने फारसे काही साधले नाही. म्हणजे आवाज पोहोचला एवढ्याने काम होत नाही. ऐकणाऱ्यास बोलण्याची जागा हवी आणि त्याच्या बोलण्यास उत्तर हवे.

आजचा मोबाईलवरील गट हा याच कसोटीस लावून पाहावा. ज्या गटात बागायतदार एकटाच बोलतो, तो गट म्हणजे मंडळावाचूनचा रेडिओ होय. त्यातून वार्ता जाते, आपुलकी उपजत नाही.

गटाचे बियाणे कोणते घ्यावे

पेरणीस जसे निवडक बियाणे लागते, तसे गटासही लागते. मोबाईलमधील सारी नावे एका रात्रीत गटात घालण्याचा मोह पुष्कळांस होतो. असे करू नये. ज्याची संमती घेतली नाही, तो मनुष्य एक तर गट सोडून जातो किंवा गटाचा आवाज बंद करून ठेवतो. आणि दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण तो आपणास दिसत नाही.

प्रारंभ ज्यांनी आपला आंबा प्रत्यक्ष खाल्ला आहे त्यांच्यापासून करावा. अशी पंचवीस-तीस घरे मिळाली तरी पुरेशी आहेत. प्रत्येकास स्वतः दूरध्वनी करावा, गटात काय होईल व काय होणार नाही ते सांगावे, आणि त्यांनी होकार दिल्यावरच नाव घालावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात १,०२४ पर्यंत सभासद घेता येतात. म्हणून तितके घ्यावेत असे नाही. दहा गुंठ्यांत जितकी रोपे मावतील तितकीच आपण लावतो. पन्नास-साठ कलमांच्या बागायतदारास साठ-सत्तर घरे सांभाळता आली, तरी त्याच्या उत्तम प्रतीच्या फळाचा मोठा भाग तेथेच खपतो.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर अनेकांस संदेश पाठविण्याच्या दोन रीती आहेत. एक ब्रॉडकास्ट यादी. तीत प्रत्येकास संदेश स्वतंत्र मिळतो, सभासद एकमेकांस दिसत नाहीत, आणि ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये नोंदविला आहे त्यांनाच तो पोहोचतो. दुसरी रीत गटाची. तीत सर्व जण सर्वांचे बोलणे वाचतात. पेटी निघाली, मोटार पोहोचली, अशा सूचनांस यादी सोयीची. परंतु ग्राहक ग्राहकाशी बोलू लागावा अशी इच्छा असेल, तर गटच हवा. मात्र गटात प्रत्येकाचा क्रमांक इतरांस दिसतो, हे सभासदांना, विशेषतः भगिनींना, आधी सांगणे आपले कर्तव्य आहे. ज्यांना ते पसंत नसेल त्यांना यादीत ठेवावे. त्यात त्यांचा वा आपला कोणताच तोटा नाही.

गटाचे चालक दोन असावेत. एक बागायतदार स्वतः आणि दुसरा घरातील किंवा शहरातील विश्वासू माणूस. काढणीच्या दिवसांत बागायतदार झाडाखाली असतो. त्या वेळी आलेल्या प्रश्नास संध्याकाळपर्यंत उत्तर मिळाले नाही, तर ग्राहक दुसरीकडे वळतो.

बागेचे वर्ष तेच गटाचे वर्ष

केवळ हंगामात जागा होणारा गट दुकानाच्या पाटीसारखा असतो. वर्षभर चालणाऱ्या गटासाठी विषय कोठून आणावेत, अशी शंका अनेक जण काढतात. वास्तविक बागेइतका विषयांचा साठा दुसरा कोणताही नाही. आपणास जे नित्याचे वाटते, ते शहरातील माणसास अपूर्व असते.

पावसाळ्यात कलमांच्या आळ्यांत खत घातले जाते, बांडगूळ काढले जाते, वाळलेल्या फांद्या छाटल्या जातात. एखादे छायाचित्र काढून दोन ओळी लिहाव्यात. बांडगूळ म्हणजे काय, ते झाडाचा रस कसा शोषते, हे शहरातील मुलांनी कधी पाहिलेले नसते. पावसाळा सरल्यावर नवी पालवी येते. ती उशिरापर्यंत कोवळी राहिली तर मोहोर लांबतो, हे सांगावे. नोव्हेंबरपासून थंडीबरोबर मोहोराची वाट पाहणे सुरू होते. पहिला मोहोर दिसला की त्याचे चित्र अवश्य पाठवावे. तुडतुडे व भुरी यांपासून मोहोराचे रक्षण कसे चालते, कोणती फवारणी केली, काढणीपूर्वी ती किती आधी थांबविली, हेही मोकळेपणाने सांगावे. लपविलेली फवारणी ग्राहकाच्या मनात संशय निर्माण करते. कारणासह सांगितलेली फवारणी विश्वास निर्माण करते.

जानेवारी-फेब्रुवारीत फळधारणा होते आणि फळगळही होते. ढगाळ हवा, अवकाळी पाऊस वा अकस्मात वाढलेली उष्णता यांनी पीक घटले, तर ती वार्ता त्याच आठवड्यात गटास द्यावी. पुष्कळ बागायतदार येथेच चुकतात. पीक कमी आहे असे सांगितले तर गिऱ्हाईक तुटेल, या भीतीने ते गप्प राहतात आणि एप्रिलमध्ये एकाएकी वाढीव भाव सांगतात. ज्याने फेब्रुवारीत गळलेल्या कैऱ्यांचा सडा पाहिला आहे, त्यास एप्रिलचा भाव समजावून सांगावा लागत नाही. ज्याने काहीच पाहिले नाही, त्यास तो भाव लुबाडणुकीचा वाटतो.

मार्चमध्ये मागणी नोंदवून घ्यावी. एप्रिल-मे हे काढणीचे दिवस. त्या काळात संदेश थोडे व नेमके असावेत. कोणत्या तारखेस कोणत्या मार्गाने पेट्या निघतील, कोणाच्या दारी त्या उतरतील, एवढे पुरे. जून महिन्यात हंगामाचा हिशोब गटास द्यावा : किती पेट्या गेल्या, किती तक्रारी आल्या, त्यांचे काय झाले, पुढील वर्षी काय सुधारणार. हा हिशोब सभासदांच्या फार स्मरणात राहतो.

आठवड्यास एक-दोन संदेश हे प्रमाण हंगामाबाहेर योग्य. रोज सकाळी सुप्रभाताची फुले पाठवू नयेत. ज्या गटात शंभर निरर्थक संदेश येतात, त्यातील एकशे एकावा कामाचा संदेशही कोणी वाचत नाही.

सभासदांस बोलके कसे करावे

सभासद आपण होऊन बोलत नाहीत. त्यांस निमित्त द्यावे लागते. ‘काही प्रश्न असल्यास विचारा’ असे लिहिल्याने कोणी विचारीत नाही. प्रश्न आपण विचारावा आणि तो ज्याचे उत्तर प्रत्येकास ठाऊक आहे असा असावा. आपल्या घरी आमरस पुरीबरोबर खातात की पोळीबरोबर? मागील वर्षी पेटी आल्यानंतर कितव्या दिवशी पहिला आंबा कापला? पेटी एक डझनाची सोयीची की दोन डझनांची? यांपैकी शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर आपला पुठ्ठ्याच्या पेट्यांचा खर्चही अवलंबून असतो. सभासदांचे मत विचारून त्याप्रमाणे बदल केला, तर तसे नावानिशी सांगावे. आपल्या शब्दाने बागेत काही घडले, हे समाधान ग्राहकास अन्यत्र मिळत नाही.

दुसरे निमित्त आढीचे. हापूस झाडावर पिकवून उतरवीत नाहीत. फळ ‘चौदा आणे’ तयार झाले की देठासह उतरवितात आणि मग भाताच्या पेंढ्यात आढी लावून पिकवितात. ग्राहकाच्या हाती पेटी पडते तेव्हा त्यातील फळ बहुधा अर्धेच पिकलेले असते. अनेकांस हे ठाऊक नसते. कोणी हिरवे फळ शीतकपाटात ठेवतो, कोणी घाईने कापतो आणि ‘आंबा आंबट निघाला’ असा निष्कर्ष काढतो. म्हणून पेटी निघण्याच्या आदल्या दिवशी आढी कशी लावावी ते गटात सांगावे : फळे पेटीतून काढावीत, खोलीत हवेशीर जागी पेंढ्यावर किंवा कागदावर एकेरी थरात मांडावीत, वरून पेंढ्याचे पातळ पांघरूण घालावे, रोज एकदा पाहून पिकलेले वेगळे करावे, पूर्ण पिकल्यावरच थंड जागी ठेवावे. रंगापेक्षा वासावर व फळाच्या मऊपणावर भरवसा ठेवावा. कॅल्शियम कार्बाईडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे व आपण ते वापरीत नाही, हेही याच वेळी सांगावे.

यानंतर एक गोष्ट हमखास घडते. कोणी आपल्या घरच्या आढीचे छायाचित्र पाठवितो, दुसरा विचारतो, तिसरा उत्तर देतो. ज्या दिवशी एका ग्राहकाच्या शंकेस दुसऱ्या ग्राहकाने उत्तर दिले, त्या दिवशी गट उभा राहिला असे समजावे. अशा वेळी बागायतदाराने मध्ये घाई करू नये. उत्तर बरोबर असेल तर दोन शब्दांनी दुजोरा द्यावा. चुकीचे असेल तर उत्तर देणाऱ्याचा मान राखून दुरुस्ती करावी.

प्रत्येक गटात चार-दोन माणसे अशी असतात की ज्यांना हे काम मनापासून आवडते. कोणी मूळचे कोकणातले असतात, कोणी सेवानिवृत्त असतात. त्यांना ओळखावे, त्यांच्याकडे एखादे काम सोपवावे. त्यांच्या वसाहतीतील पेट्या एका जागी उतरवून घेण्याचे काम त्यांनी केले, तर वाहतुकीचा खर्चही वाचतो. हंगामाच्या शेवटी त्यांना बागेत बोलवावे व स्वतःच्या हाताने झेल्याने एक तरी फळ उतरवू द्यावे.

खरी परीक्षा : साका

हापूस विकणाऱ्यास साक्याचे दुःख सांगावयास नको. फळ बाहेरून निर्दोष, रंगाने सोनेरी, वासाने उत्तम. आणि कापताच आतील गर पांढरट, स्पंजासारखा व आंबूस. बाहेरून पाहून तो ओळखता येत नाही. फळ प्रमाणाबाहेर तयार होऊ न देता चौदा आण्यांवर उतरविणे, सकाळ-संध्याकाळच्या थंड वेळी काढणी करणे, काढलेले फळ तापलेल्या कातळावर न ठेवता लगेच सावलीत नेणे, झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन करणे, या उपायांनी साक्याचे प्रमाण घटते. नाहीसे होत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या रत्ना व सिंधू या जातींत साका आढळत नाही; परंतु ग्राहक मागतो तो हापूसच.

मग एखाद्या संध्याकाळी गटात कापलेल्या आंब्याचे छायाचित्र येते आणि खाली लिहिलेले असते : ‘हे काय पाठविले आहे?’ साठ घरे ते पाहत असतात. गटाचे पुढील भवितव्य त्या संध्याकाळच्या उत्तरावर ठरते.

या प्रसंगी तीन चुका संभवतात. पहिली, तक्रार पुसून टाकणे. गटाच्या चालकास सभासदाचा संदेश काढून टाकता येतो. पण ज्यांनी तो वाचला त्यांच्या मनातून तो काढता येत नाही. दुसरी, वाद घालणे : ‘आमच्या बागेत साका नसतोच’, ‘तुम्ही नीट ठेवले नसेल’. तिसरी, गुपचूप त्या एका ग्राहकास पैसे देऊन प्रकरण मिटविणे. त्यात तो एक संतुष्ट होतो. बाकीचे एकोणसाठ उत्तराची वाट पाहत राहतात.

योग्य रीत अशी. तक्रार सर्वांसमोर आली असेल तर उत्तरही सर्वांसमोर, त्याच दिवशी द्यावे. प्रथम खेद व्यक्त करावा. नंतर साका म्हणजे काय, तो का होतो, बागेत त्यासाठी कोणती काळजी घेतली, हे थोडक्यात सांगावे. आणि लगेच भरपाई जाहीर करावी. अर्थात भरपाईचा नियम हंगामापूर्वीच ठरवून गटाच्या माहितीत लिहून ठेवलेला असावा. उदाहरणार्थ, साका वा नासके निघालेल्या फळाचे कापून छायाचित्र पाठवावे, तितकी फळे पुढील पेटीत अधिक मिळतील किंवा त्यांचे पैसे परत मिळतील.

यात आपले किती जाते याचा हिशोब करून पाहू. समजा, गटातील ६० घरांनी प्रत्येकी दोन डझनांच्या २ पेट्या घेतल्या. म्हणजे १२० पेट्या, २,८८० फळे. त्यांपैकी ७२ फळांबद्दल तक्रार आली, तर प्रमाण शेकडा अडीच झाले आणि भरपाई ६ डझन, म्हणजे ३ पेट्या द्यावी लागली. आता भरपाई नाकारल्यामुळे ५ घरे कायमची गेली असे धरा. दरसाल १० पेट्यांची मागणी गेली. आणि ती पाच घरे इतरांस काय सांगतील ते निराळेच. तीन पेट्या देऊन दहा पेट्या राखणे हा तोट्याचा व्यवहार नव्हे. शिवाय कोणत्या तारखेच्या, बागेच्या कोणत्या भागातील काढणीत साका अधिक निघाला, याची नोंद या तक्रारींतूनच आपणास मिळते. दलालाच्या हिशोबपट्टीने ती कधीच दिली नसती.

भाव, पैसा आणि शब्द

भाव सर्वांस एक असावा आणि तो उघड सांगावा. एका सभासदास खाजगीत सवलत दिली की ती गोष्ट गटात पसरल्यावाचून राहत नाही. प्रतवारी वजनावर करावी व प्रत्येक प्रतीचे फळ किती ग्रॅमचे ते लिहावे. ‘मोठा’, ‘मध्यम’ हे शब्द वादास कारण होतात. मागणी ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने पुरवावी.

आपली बाग अपुरी पडली व शेजाऱ्याच्या बागेतून फळ घ्यावे लागले, तर तसे स्पष्ट सांगून, ग्राहकाची संमती घेऊनच पाठवावे. बाहेरगावचा आंबा आपल्या पेटीत भरण्याचा विचारही करू नये. एका हंगामाचा नफा त्यात मिळेल, पण शितावरून भाताची परीक्षा होते, हे विसरू नये. हापूसच्या भौगोलिक निर्देशांकाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घेतल्यास ग्राहकास दाखविण्यास एक पुरावाही हाती राहतो. आंबापोळी, लोणची, कोकम सरबत असे प्रक्रिया केलेले पदार्थ गटात विकावयाचे असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी.

पैसे मोबाईलवरून स्वीकारताना सावध राहावे. पैसे घेण्यासाठी आपला गुप्त पिन क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. जो तो मागतो तो ठक समजावा. पैसे भरल्याच्या छायाचित्रावर विसंबू नये, रक्कम खात्यात जमा झालेली स्वतः पाहावी. आपल्या नावाने दुसराच कोणी गटातील सभासदांकडे पैसे मागू लागल्याचे आढळल्यास गटात तत्काळ इशारा द्यावा. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

गटाचे नियम

नियम थोडे असावेत आणि सर्वांना, चालकासही, सारखे लागू असावेत. पुढील नियम बहुतेक गटांस पुरेसे ठरतील :

१. गटात बाग, आंबा व त्याचा व्यवहार एवढेच विषय राहतील. राजकारण, धर्म व ऐकीव वार्ता यांस स्थान नाही.

२. रात्री नऊनंतर व सकाळी सातपूर्वी संदेश पाठवू नयेत.

३. कोणत्याही सभासदाचा क्रमांक त्याच्या संमतीवाचून अन्य कामासाठी वापरू नये वा दुसऱ्यास देऊ नये.

४. तक्रार मोकळेपणाने गटात करता येईल. तीस त्याच दिवशी उत्तर मिळेल.

५. नियमभंग झाल्यास प्रथम खाजगीत सूचना, पुन्हा झाल्यास नाव कमी करण्यात येईल.

एखाद्या सभासदाने गैर मजकूर टाकला तर चालकावर दोष येईल काय, अशी भीती काही बागायतदारांस वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली असा निर्वाळा दिला आहे की, समान हेतू वा पूर्वनियोजन असल्याचे दिसत नसेल तर केवळ चालक आहे एवढ्यावरून सभासदाच्या मजकुराबद्दल त्यास जबाबदार धरता येणार नाही. तरीही असा मजकूर दिसताच काढून टाकावा, हेच शहाणपणाचे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या कामी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे साह्य मोलाचे ठरेल. वयस्क बागायतदारास मोबाईलची भीती वाटते. त्यांच्या घरातील मुलगी वा सून हे काम चटकन शिकते. तिला पुढे आणावे. फवारणीची मात्रा, काढणीपूर्वीचे अंतर, साक्यावरील उपाय याविषयी गटात जाणारी माहिती शास्त्रशुद्ध आहे ना, हे तपासून द्यावे. गावातील चार-पाच लहान बागायतदारांनी वाहतूक एकत्र करावी, पेट्या एकत्र घ्याव्यात. गाव करी ते राव न करी. परंतु ग्राहकगट मात्र ज्याचा त्याने राखावा. खाणाऱ्याचे नाते एका बागेशी जडते. ‘उत्पादक संघ’ या नावाशी तितके जडत नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना द्याव्यात. पहिली, सारा माल गटावर अवलंबून ठेवू नये. उत्तम प्रतीचे फळ गटास, उरलेले बाजारास व बारीक फळ कॅनिंगला, अशी विभागणी बरी. बाजाराशी संबंध एकदम तोडणारा बागायतदार एखाद्या भरघोस वर्षी अडचणीत येतो. दुसरी, गट परक्या कंपनीच्या जागेत वसलेला असतो. मोबाईल हरवतो, खाते बंद पडते, नियम बदलतात. म्हणून प्रत्येक ग्राहकाचे नाव, क्रमांक, पत्ता, घेतलेल्या पेट्या व तक्रार यांची नोंद घरातील एका वहीत अवश्य असावी.

गटाची प्रगती सभासदसंख्येवरून मोजू नये. जून महिन्यात वही उघडून तीन गोष्टी पाहाव्यात : मागील वर्षीच्या घरांपैकी किती घरांनी पुन्हा मागणी केली, किती नवी घरे जुन्या घरांच्या सांगण्यावरून आली, आणि किती सभासद वर्षातून एकदा तरी गटात बोलले. पहिला आकडा घटला असेल तर दोष फळात वा शब्दात आहे. तिसरा घटला असेल तर दोष आपल्या बोलण्यात आहे.

आंब्याचे कलम लावल्यावर चार-पाच वर्षे फळाची अपेक्षा न धरता त्यास पाणी घालावे लागते, हे कोकणातील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. ग्राहकगटाचे रोपही असेच आहे. पहिल्या वर्षी पंधरा घरे बोलतील, दुसऱ्या वर्षी पंचवीस. मात्र एकदा ते रुजले की अवकाळी पावसाने पीक अर्धे झालेल्या वर्षीही ती घरे आपणास सोडून जात नाहीत. उलट ‘यंदा बागेचे कसे आहे?’ असे विचारणारा पहिला दूरध्वनी त्यांच्यापैकीच कोणाचा तरी येतो. येत्या पावसाळ्यात बागेची कामे उरकल्यावर बागायतदार बंधू-भगिनींनी आपली वही काढावी, मागील हंगामात आपला आंबा खाल्लेल्या दहा घरांची नावे लिहावीत आणि त्यांतील पहिल्या घरास दूरध्वनी करून एवढेच विचारावे : आंबा कसा लागला?